म्हातारपणची काठी आणि खिशातले पिस्तूल

आईवडील सत्तरीच्या पुढे गेले की मुलांच्या खरेदीची यादी बदलते. रक्तदाब मोजायचे यंत्र, न्हाणीघरात धरायला दांडा, मोठ्या आकड्यांचा फोन, गुडघ्याचा पट्टा. अमेरिकेत या यादीत आणखी एक वस्तू येऊ शकते. ती म्हणजे पिस्तूल, आणि तेही कपाटात ठेवायचे नव्हे, तर कपड्यांखाली दडवून बाजारात, चर्चमध्ये, बँकेत सोबत न्यायचे. बंदुकीच्या दुकानात पन्नाशीची मुलगी काउंटरवर उभी राहते आणि विचारते, 'आईचे हात संधिवाताने आखडलेत, तिला कोणते पेलेल?' चष्म्याच्या दुकानात फ्रेम दाखवावी तसा दुकानदार एकेक नमुना काढून समोर ठेवतो. आपल्याकडे बंदुकीचा परवाना म्हणजे पोलीस चौकशी, जिल्हाधिकारी कचेरीच्या फेऱ्या आणि निवडणूक आली की ठाण्यात शस्त्र जमा करणे. त्यामुळे हे दृश्य आपल्याला चक्रावून टाकते. पण ते चक्रमपणाचे दृश्य नाही. त्यामागे चाळीस वर्षांचा कायद्याचा प्रवास आहे आणि एक खरीखुरी भीतीही आहे.

कायद्याचे आधी सांगून टाकू. १९८७ साली फ्लोरिडाने असा कायदा केला की अर्जदार अटींत बसत असेल तर शस्त्र दडवून बाळगण्याचा परवाना त्याला नाकारता येणार नाही. मग एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. इलिनॉय शेवटपर्यंत अडून होते; तिथली बंदी २०१२ च्या डिसेंबरात अपील न्यायालयाने मोडली. त्या खटल्यातली एक फिर्यादी चर्चचे हिशेब सांभाळणारी वृद्ध बाई होती. २००९ मध्ये चर्चमध्येच तिला बेदम मारहाण झाली होती. पुढे २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा शंभर वर्षांहून जुना निर्बंध रद्द केला आणि 'शस्त्र बाळगायला तुम्हाला खास कारण काय?' हा प्रश्नच सरकारच्या हातून काढून घेतला. २०२४ अखेर पन्नासपैकी २९ राज्यांत तर परवान्याचीही गरज उरली नव्हती. सज्ञान माणूस, गुन्हा नावावर नाही, विकत घ्या आणि खिशात घाला.

या सगळ्या लढाईचा चेहरा कोणी तरुण काउबॉय नव्हता, तर ओटिस मॅकडोनाल्ड नावाचे शहात्तर वर्षांचे कृष्णवर्णीय आजोबा होते. लुइझियानातून शिकागोत आलेले, विद्यापीठात देखभालीचे काम करून निवृत्त झालेले. मॉर्गन पार्क भागात घर घेतले, मुले वाढवली आणि डोळ्यांदेखत मोहल्ला बिघडत गेला. घरफोड्या झाल्या, गल्लीत टोळकी आली. शिकारीच्या लांब बंदुका त्यांच्याकडे होत्या. पण अंधारात, अरुंद जिन्यात त्यांचा काय उपयोग? त्यांना छोटे पिस्तूल हवे होते आणि शिकागोने ते १९८२ पासून बंद केले होते. २०१० च्या जूनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते खटला जिंकले. ते २०१४ मध्ये गेले. बंदुकांविषयी आपले मत काहीही असो, या गृहस्थाला वेडगळ ठरवणे कठीण आहे. पोलीस येईपर्यंत मी काय करू, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला सोपे उत्तर नाही.

आता निवडीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. आपल्या सिनेमांनी आपली अशी समजूत करून दिली आहे की चाप ओढला की गोळी सुटते, बाकी काही नसते. प्रत्यक्षात पिस्तूल हे हात, मनगट आणि डोळे यांच्याकडून बरेच काही मागणारे यंत्र आहे, आणि म्हातारपण नेमके तेच हिरावून घेते. म्हातारीच्या हाती द्यायला छोटे, हलके रिव्हॉल्व्हर बरे, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा सल्ला आहे. पाच गोळ्यांचे, आखूड नळीचे, सव्वाचारशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचे. अडकत नाही, समजायला सोपे, पर्समध्ये मावते. पण त्याचा चाप एका दमात मागे खेचायला साधारण पाच किलोचा जोर लागतो. ज्या बोटांना लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही, त्यांनी तो खेचायचा, आणि तोही नेम न हलवता! शिवाय शस्त्र जितके हलके तितका त्याचा झटका जास्त. वजन कमी करून आपण आईवर उपकार करतो असे मुलाला वाटते. ती मात्र सरावाच्या वेळी दोन गोळ्या झाडते आणि दुखरे मनगट चोळत म्हणते, 'पुरे झाले.' न झेपणारे शस्त्र मग पर्सच्या तळाशी जाते आणि सराव कायमचा सुटतो.

दुसरा पर्याय म्हणजे आपोआप पुढची गोळी भरणारे पिस्तूल. त्याचा चाप हलका असतो, पण पहिली गोळी नळीत सरकवायला वरची पोलादी स्लाईड स्प्रिंगच्या विरोधात मागे ओढावी लागते. संधिवाताच्या हातांना ते अनेकदा जमतच नाही. ही अडचण कारखानदारांच्या ध्यानात आली (बाजाराला म्हाताऱ्यांची आठवण सरकारच्या आधी होते!) आणि २०१८ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३८० जातीचे एक पिस्तूल काढले. त्याच्या नावातच 'ईझी' ही अक्षरे घातली आणि स्लाईड मऊ केली. त्यातल्या आठ गोळ्यांचे मॅगझिन भरायलाही अंगठ्याला फार त्रास होत नाही. दोन वर्षांनी तेच नऊ मिलिमीटरमध्ये आले. इटलीच्या बेरेटाची काही छोटी पिस्तुले त्याहून वेगळी आहेत. त्यांची नळीच पेटीच्या झाकणासारखी वर उघडते, गोळी हाताने ठेवायची आणि बंद करायची. पण मनगट सैल राहिले तर पिस्तुलाची यंत्रणा पुरती फिरत नाही आणि दुसरी गोळी अडकते. अडकलेली गोळी थरथरत्या हातांनी कशी काढायची, हे शिकवणे विकण्यापेक्षा अवघड आहे.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. चाळिशी लागली की जवळचे धूसर होते. पिस्तुलावरचा नेमाचा दाणा हातभर अंतरावर असतो, म्हणजे नेमका धड चष्म्यातून नाही आणि धड चष्म्यावरूनही नाही. त्यावर आता तांबड्या ठिपक्याची छोटी दुर्बीण बसवतात; ठिपका लक्ष्यावर तरंगतो, नजर दूरच ठेवायची. पैसे असतील तर हेही सुटते. मग सुटत नाही ते काय?

गेल्या काही वर्षांतल्या तीन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. २९ डिसेंबर २०१९, टेक्सासमधले व्हाईट सेटलमेंट गाव. चर्चमध्ये उपासना चालू असताना एकाने बंदूक काढून दोघांना मारले. एकाहत्तर वर्षांच्या जॅक विल्सन यांनी एकाच गोळीत त्याला आडवे केले. सगळा प्रकार सहा सेकंदांत संपला. शस्त्रवाले ही घटना नेहमी सांगतात आणि त्यांनी ती का सांगू नये? पण विल्सन हे नेमबाजीचे शिक्षक होते आणि चर्चच्या सुरक्षापथकाचे प्रमुख, हे सांगताना आवाज खाली येतो. त्याच पथकातले सदुसष्ट वर्षांचे दुसरे गृहस्थ पिस्तूल बाहेर काढता काढताच मारले गेले, हे तर बहुधा वगळलेच जाते.

दुसरी घटना जानेवारी २०१४ ची, फ्लोरिडातल्या एका चित्रपटगृहातली. पुढच्या खुर्चीवरचा तरुण बाप मोबाईलवर संदेश पाठवत होता. त्यावरून मागच्या एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त पोलीस कप्तानाशी बाचाबाची झाली, पॉपकॉर्न फेकले गेले आणि कप्तानाने खिशातले .३८० पिस्तूल काढून गोळी घातली. तरुण मेला. आठ वर्षांनी, २०२२ मध्ये, ज्यूरीने त्या वृद्धाला निर्दोष सोडले. म्हातारा माणूस तरुणाच्या हल्ल्याला अधिक घाबरणारच, हा बचाव चालला. तिसरी एप्रिल २०२३ ची, कॅन्सस सिटीतली. धाकट्या भावांना आणायला निघालेला सोळा वर्षांचा मुलगा चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवतो. आतल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या आजोबांनी काचेच्या दारातूनच त्याला दोन गोळ्या घातल्या. मुलगा वाचला. २०२५ च्या फेब्रुवारीत आजोबांनी गुन्हा कबूल केला आणि शिक्षा सुनावण्यापूर्वीच काही दिवसांत ते वारले.

या तिघांपैकी एकाचाही हात शस्त्र पेलायला कमी पडला नाही. कोणते पिस्तूल, किती वजनाचे, ही चर्चा अपुरी पडते ती इथे. अमेरिकेच्या सरकारी पाहणीत वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसते: हिंसक गुन्ह्यांना सर्वांत कमी बळी पडणारा वयोगट पासष्टीच्या पुढचाच आहे. भीती मात्र वयाबरोबर वाढते. एकटेपणा, ऐकू न येणे आणि रात्रंदिवस चालू असलेला टीव्ही तिला खतपाणी घालतात. दुसरीकडे, २०२३ साली त्या देशात बंदुकीने जे सुमारे ४६,७०० मृत्यू झाले, त्यांतले २७ हजारांवर आत्महत्येचे होते, खुनाचे नव्हेत. आणि आत्महत्येचे प्रमाण सर्वांत जास्त आहे ते पंचाहत्तरीच्या पुढच्या पुरुषांत. बायको गेलेली, दुखणे मागे लागलेले, मुले दूर. चोरापासून वाचावेत म्हणून वडिलांना पिस्तूल देणाऱ्या मुलाने कोणत्या संकटाची मोजदाद केली आणि कोणत्याची राहून गेली, हे या आकड्यांवरून दिसते.

स्मृतिभ्रंशाचे प्रकरण याहून अवघड. डॉक्टरांनी निदान केले एवढ्यावरून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने शस्त्र काढून घेता येत नाही. त्यासाठी न्यायालयाचा किंवा तशा अधिकाऱ्याचा निर्णय लागतो. फ्लोरिडाने तर २०११ मध्ये डॉक्टरांनी रुग्णाला 'घरात बंदूक आहे का?' असे विचारण्यावरच बंधने घातली होती. ती २०१७ मध्ये न्यायालयाने उडवून लावली. कनेटिकटने १९९९ मध्ये सुरू केलेल्या आणि आता वीसएक राज्यांत असलेल्या कायद्यानुसार धोकादायक स्थितीतल्या माणसाचे शस्त्र तात्पुरते काढून घेता येते. पण स्वतःच्या बापाविरुद्ध न्यायालयात अर्ज कोण करणार? वडिलांच्या हातून गाडीची किल्ली काढून घेताना घरोघरी महाभारत होते. पिस्तुलाची कल्पनाच करावी.

विकत घेऊन देण्यातही एक मेख आहे. शस्त्र शुद्ध भेट म्हणून दिले तर चालते, घेणारा कायद्याने अपात्र नसावा आणि राज्य वेगळे असेल तर व्यवहार परवानाधारक दुकानामार्फत व्हावा. पण आईवडिलांचे पैसे घेऊन मुलाने फॉर्मवर 'खरा खरेदीदार मीच' असे लिहिले तर तो गुन्हा. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने सवलत मिळते म्हणून काकांच्या चारशे डॉलरच्या चेकवर त्यांच्यासाठी पिस्तूल घेतले. काका-पुतणे दोघेही पात्र होते. तरी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुतण्याची शिक्षा कायम केली.

एडिसन, डॅलस किंवा सॅन होजेला मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आपल्या आजी-आजोबांसाठी नियम आणखी कडक आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने शस्त्र वा काडतूस जवळ बाळगणे केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले तर. जाणूनबुजून ते त्याच्या हाती देणाराही गुन्हेगार ठरतो. एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्या मुलालाही हीच बंदी आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ती उठते आणि मग नागरिक झालेली, स्थिरावलेली आपली मुलेही रांगेत उभी राहू शकतात. त्या घरी दुपारी नातवंडाला झोपवणारी आजी असते आणि पलंगाशेजारच्या खणात काय आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून जाण्यापूर्वी लोणची-पापड बांधताना मुलाला फोनवर एवढे विचारावे: बाबा रे, घरात पिस्तूल आहे का, आणि असेल तर कुलपाची किल्ली कोणाकडे असते?