फुकटचे गाणे, बुडवलेली मजुरी

गाणे पैसे मोजून घ्यावे की इंटरनेटवरून फुकट उतरवून घ्यावे, या प्रश्नावर पुरोगामी कार्यकर्त्यांच्या वर्तुळात एक सोयीस्कर उत्तर रूढ झाले आहे. संगीत कंपन्या मक्तेदार आहेत, कलावंतांना त्या लुबाडतात, म्हणून त्यांचा माल पैसे न देता उचलणे हा मक्तेदारीवरील प्रहारच होय, असे ते उत्तर. या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध मात्र समाजवादाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही; आणि पूर्वार्धाच्या खरेपणाआड उत्तरार्धाचा खोटेपणा खपवला जातो, म्हणूनच त्याची झाडाझडती घेणे आवश्यक आहे.

प्रथम पूर्वार्ध. कायद्याच्या लेखी ध्वनिमुद्रणाचा कर्ता गाणारा नव्हे, तर ते मुद्रण करवून घेणारा निर्माता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, चित्रपटनिर्मात्याने मोबदला देऊन गीत व संगीत करवून घेतले आणि विरुद्ध करार नसला, तर त्या हक्काचा पहिला मालक निर्माताच. गाणाऱ्याच्या पदरात कायद्याने काहीच टाकलेले नाही, याकडे त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी संसदेचे लक्ष वेधले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हक्काची पहिली तुटपुंजी तरतूद १९९४ च्या दुरुस्तीने झाली. गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, हे कायद्यात यायला २०१२ साल उजाडावे लागले. म्हणजे निकालापासून ३५ वर्षे! कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाइमसाठी जेवढे झगडावे लागले, तेवढेच या कारागिरांनाही झगडावे लागले.

आज ध्वनिमुद्रिका आणि कॅसेट यांची जागा मासिक वर्गणीच्या सेवांनी घेतली आहे. या सेवांचा प्रचलित हिशेब असा : सर्व वर्गणीदारांचा पैसा एका हौदात जमा होतो आणि एकूण श्रवणांच्या प्रमाणात तो हक्कधारकांमध्ये वाटला जातो. महिनाभर केवळ एका शाहिराचे पोवाडे ऐकणाऱ्याची वर्गणीही बहुतांशी बड्या कंपन्यांच्या खात्यात जाते. स्पॉटिफायने तर २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळांहून कमी ऐकल्या गेलेल्या गाण्याला त्या खात्यातून काहीच न देण्याचा नियम केला. लहानांची चिल्लर गोळा करून मोठ्यांच्या ताटात वाढण्याची ही रीत खेड्यातल्या सावकारालाही सुचली नसती! तेव्हा वर्गणी भरली म्हणजे कलावंताचे ऋण फिटले, असे मानणाऱ्या सज्जनांनीही फार समाधानी राहू नये.

परंतु यावरून फुकट उतरवणे न्याय्य कसे ठरते? फुकट या शब्दाचाच हिशेब मांडला पाहिजे. फुकट गाणे हाती येण्यासाठी मोबाइल विकत घ्यावा लागतो. त्याची किंमत कारखानदाराला पोचते. डेटाचे पैसे दूरसंचार कंपनीला पोचतात. गाणी बेकायदा वाटणारी संकेतस्थळे जाहिरातींवर कमाई करतात. तालुक्याच्या गावी मेमरी कार्डात गाणी भरून देणारा दुकानदारही आपले दहावीस रुपये घेतच आला. या साखळीत प्रत्येकाला दाम मिळतो. मिळत नाही तो ज्याचा गळा आहे त्याला, ज्याची ढोलकी आहे त्याला. भांडवलशाहीवरील हा कसला प्रहार, ज्यात सर्व भांडवलदार सुरक्षित राहतात आणि एकट्या श्रमिकाची मजुरी बुडते? मालक वेतन बुडवतो म्हणून गिऱ्हाइकानेही ते बुडवावे, असे सांगणारी कामगार चळवळ अद्याप जन्माला आलेली नाही.

येथे कॅसेटचा दाखला दिला जाईल. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने, त्यांतल्या चोरट्या प्रतींनीही, एच.एम.व्ही.ची जुनी मक्तेदारी खिळखिळी केली, आणि लोकगीते, भीमगीते घरोघर पोचली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मक्तेदार बदलला म्हणून गाणाऱ्याचे दैव पालटले काय? जुन्या कंपनीच्या जागी नवी कंपनी आली; एकरकमी मोबदला घेऊन घरी जाणारा गायक मात्र तोच राहिला. वितरणाची लोकशाही झाली. मोबदल्याची झाली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चळवळीचे गाणे बाजारात विकायचे काय? वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव पोचली ती विक्रीची वस्तू म्हणून नव्हे; लोकांनी ती आपली म्हणून गायिली. हे खरेच आहे, आणि माणसाने माणसाला गाऊन दिलेल्या गाण्यावर कोणी पहारा बसवू नये. परंतु कलावंताने स्वेच्छेने दिलेले दान वेगळे आणि घेणाऱ्याने परस्पर उचललेले धन वेगळे. दात्याच्या औदार्यावर घेणाऱ्याचा हक्क सिद्ध होत नाही. अण्णाभाऊ साठे १९६९ साली, पन्नाशीही न गाठता, दारिद्र्यात गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क कायद्याने २०२९ अखेरपर्यंत जिवंत आहे. तो हक्क निर्माण करणारा माणूस मात्र जगवता आला नाही. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्या प्रत्येक संघटनेने हा विरोधाभास ध्यानी घ्यावा.

ऊसतोडीच्या फडावर दिवसभर राबून रात्री मेमरी कार्डातले गाणे ऐकणाऱ्या मजुराला चोर ठरवण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीच्या वकिलाला नाही. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही, त्याच्याकडून देणे निघत नाही. प्रश्न आहे तो पगारदार, प्राध्यापक, संघटक अशा वर्गाचा, जो पुस्तकाला पैसे मोजतो, चहाला मोजतो आणि गाण्याची वेळ आली की तत्त्वज्ञान सांगू लागतो. आणि प्रश्न आहे तो पक्षाचाही. अधिवेशनाच्या जमाखर्चात मांडववाल्याचे बिल असते, ध्वनिक्षेपकाचे असते, भोजनाचे असते. सभा तापवणाऱ्या शाहिराच्या नावापुढे मात्र शाल आणि श्रीफळ! शाहीर 'आपला माणूस' आहे ना! आपल्या माणसाची मजुरी बुडवणे एवढे सोपे असते, हे मालकांनाही या मंडळींकडून शिकता येईल.

म्हणून साथींनी कामाला घरापासून आरंभ करावा. शिबिर वा मेळावा ठरताच शाहीर व साथीदार यांचे मानधन आधी ठरावे आणि अंदाजपत्रकात लिहिले जावे. पक्षासाठी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्याचा हक्क कलावंताच्या नावे राहावा. ज्या हयात कलावंताचे गाणे आवडते, त्याच्या हाती थेट पैसा पोचेल अशी वाट असेल, तर ऐपत असणाऱ्याने ती आधी धरावी. आणि २०१२ च्या कायद्याची अंमलबजावणी व वर्गणीच्या न्याय्य वाटपासाठी रस्त्यावर व विधिमंडळात झगडावे. ज्याने जे ऐकले, त्याचा पैसा त्याच कलावंताला, ही मागणी कोणत्याही गिरणी कामगाराला समजेल इतकी साधी आहे.

मक्तेदारी मोडायची ती कलावंताला बरोबर घेऊन. त्याच्या खिशात हात घालून नव्हे. श्रमाचे मोल मागणाऱ्या पक्षाने ते प्रथम चुकते करावे, तरच त्याच्या मागणीला वजन येईल.