डॉक्टर, जरा दातही बघा

मुलीच्या लसीची एकही तारीख मी चुकवली नाही. मोबाइलवर रिमाइंडर होते, फाइल होती. मुंब्र्यातल्या दवाखान्यात दर वेळी वजन, उंची बघायचे. दात कुणी पाहिले नाहीत, मीही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी ती रात्री गाल धरून रडायला लागली, तेव्हा चार दात किडलेले निघाले. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायची सवय आमचीच. ‘दुधाचेच दात, पडतील’ असं घरात सगळेच म्हणायचे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधून, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून सुरू झाला. त्याच्या तपासणीत दंतक्षय आहे. पण त्याची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जातात. कौसा, कल्याण, डोंबिवलीतल्या खासगी नर्सरीतल्या मुलांचं काय? त्यांना नियमित बघणारा एकच माणूस, जवळचा बालरोगतज्ज्ञ. त्यालाच सांगायला हवं: लसीच्या प्रत्येक भेटीत बाळाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग म्हणजे किडीची सुरुवात. तिथे ती थांबवता येते. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

धाकट्याची नवव्या महिन्याची लस पुढच्या आठवड्यात आहे. या वेळी मी विचारणार आहे.