जळमटांचा कोपरा

दिवाळी आली, की आमच्या घरी पहिला हुकूम सुटतो, "जळमटे काढा!" कुंचा अर्थातच माझ्या हाती. पण यंदा लोणावळ्याच्या घरी ओसरीचा एक कोपरा मी मुद्दाम सोडला.

त्याचे असे झाले. गेल्या चैत्रात खिडकीवर घासणारी लिंबाची फांदी तोडायला मी निघालो, तर म्हातारे माळीबुवा आडवे आले. "मास्तर, दमानं! पाखरू घर बांधतंया."

पाहतो तो चिमणीएवढा नाचण! पांढऱ्या भुवईचा, शेपटीचा पंखा उघडमीट करीत डहाळ्यांवर नाचणारा. त्या नाचाने बिचकून किडे उडाले, की हा त्यांना हवेतल्या हवेत टिपतो. घरटे म्हणजे बारीक गवताची वाटी. आणि तिला बाहेरून लिंपण कसले? कोळिष्टकांचे! आमच्याच ओसरीतले जाळे तो चोचीने ओढून नेत होता. नर-मादी दोघेही बांधकामावर. पुढे अंड्यांवरही दोघे पाळीपाळीने बसतात.

कोयता मी खाली ठेवला. वीस वर्षे वर्गात निसर्गकविता शिकवणारा मी. एक संसार मोडणारच होतो.

परवा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तो कोपरा राहिला!"

"राहू दे," मी म्हटले, "चैत्रात कुणाला तरी घर लिंपायचे आहे."