घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका

परतवाड्याहून धारणीकडे निघालं की घटांगपर्यंत चढण लागते आणि मग रस्ता सिपना नदीच्या खोऱ्यात, सेमाडोहला उतरतो. या उतारावर, आणि चिखलदऱ्याहून परतताना तर जास्तच, अनेक जण गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडून देतात. काही जण किल्लीसुद्धा फिरवून इंजिन बंद करतात. कळकळीची विनंती आहे, हे थांबवा.

पेट्रोल वाचतं म्हणून हे केलं जातं. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ते वाचतही नाही. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात आणि इंधन येणं बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहावं म्हणून ते जळतच राहतं. इंजिनच बंद केलं तर एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा घट्ट होतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. वळण तर समोर आलेलं असतं!

भरलेली बैलगाडी उताराला लागली की बैल मागे रेटून तिला धरतात. गियरमधलं इंजिन तेच काम करतं. ते सोडवलं की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतली ओल शोषलेली असते. ते उकळून बुडबुडे धरतं आणि पेडल थेट खाली जातं. म्हणून पावसाळ्यात चिखलदऱ्याचा बेत असेल, तर आधी मेकॅनिककडून ब्रेक ऑइल तपासून घ्या.

मग गियर कोणता? जो घाट चढायला दुसरा गियर लागला, तो उतरायलाही दुसराच. आरपीएमच्या काट्याकडे अधूनमधून बघा. डिझेल गाडीत दोन ते तीन हजार, पेट्रोल गाडीत अडीच ते चार हजार फेरे असतील आणि काटा लाल पट्ट्यापासून लांब असेल, तर इंजिनाच्या आवाजाला घाबरू नका. फक्त गियर उतार सुरू होण्याआधी, वेग कमी करून उतरवा. भरवेगात एकदम पहिला टाकला तर फेरे लाल पट्ट्यापलीकडे जातात. तिथे गाडीतला लिमिटरही वाचवत नाही, कारण इंजिन तेव्हा चाकांच्या जोरावर फिरत असतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर डी सोडून एल किंवा मॅन्युअल वापरा.

चढताना उलटी चूक होते. चौथ्या गियरमध्ये गाडी धडधडत असते, तरी ॲक्सिलरेटर दाबून धरलेला असतो. इंजिनावर असा ताण देण्यापेक्षा गियर कमी करा. आणि उतरताना वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. अरुंद घाटात तो तिचा हक्क आहे.

सप्टेंबर 2024 मध्ये याच सेमाडोहजवळ खासगी बस पुलावरून कोसळून माणसं गेली. हा व्याघ्र प्रकल्पातला रस्ता आहे, वळणापलीकडे सांबर किंवा गवा उभा असू शकतो. वेग इतकाच ठेवा, की दिसतं तेवढ्या अंतरात गाडी थांबेल.

जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर रुंद जागा बघून बाजूला थांबा. गाडी गियरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. त्यांवर पाणी ओतू नका. पेडल पुन्हा घट्ट लागल्याशिवाय पुढे निघू नका.