आकडा एकच बघा

मैत्रिणींनो, गोल्फ म्हणजे साहेबलोकांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणायचे दिवस आता राहिले नाहीत. पुण्यात येरवड्याला, मुंबईत चेंबूरला, शिवाय नाशिकला, नागपूरला गोल्फची मैदानं आहेत. मुलं मोठी झाली, सकाळचा तासभर हाताशी आला, म्हणून हौसेनं हा खेळ शिकणाऱ्या गृहिणीही तिथे दिसतात. अशा नवशिक्या भगिनींच्या मनात हल्ली एक प्रश्न हमखास असतो. ‘लाँच मॉनिटर’ नावाचं ते यंत्र म्हणे चेंडूची सगळी कुंडली सांगतं. त्याचा आपल्याला उपयोग होईल का? आज त्याविषयीच बोलू या.

आधी यंत्र कसं असतं ते पाहू. क्रिकेटच्या सामन्यात गोलंदाजानं टाकलेल्या चेंडूचा वेग पडद्यावर दिसतो ना, त्याच जातीचं हे यंत्र. यात दोन प्रकार. एक रडारवर चालणारं. ते चेंडूच्या मागे काही फुटांवर जमिनीवर ठेवायचं. दुसरं कॅमेऱ्याचं, ते बहुधा चेंडूच्या बाजूला ठेवतात. डेन्मार्कच्या ‘ट्रॅकमन’सारखी मोठी यंत्रं व्यावसायिक खेळाडू आणि शिक्षक वापरतात. पण ‘गार्मिन’चं ‘आर१०’ २०२१ साली आलं, ते तळहातावर मावेल एवढंच आहे. फटका मारला की क्षणात आकडे आपल्या फोनवर हजर!

आणि आकडे तरी किती! क्लबचा (म्हणजे गोल्फच्या काठीचा) वेग, चेंडूचा वेग, चेंडू किती अंशांत उडाला, मिनिटाला किती गिरक्या घेतल्या, हवेतून किती यार्ड गेला... नव्या माणसाचं डोकं गरगरायला एवढं पुरे आहे.

खरं तर नवशिक्या बाईभोवती आधीच सल्ल्यांचा सुकाळ असतो. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, बेचाळिशीच्या. त्यांचे यजमान जुने खेळाडू. हेतू अगदी चांगला, पण दर फटक्यामागे शेरा ठरलेला. “डोकं वर केलंस!” “गुडघे वाकव!” “हात ताठ!” शेजारच्या ओळखीच्या माणसांनाही मग मत द्यावंसं वाटे. शेवटी बाईंना वाटू लागलं, घरात काय थोडं ऐकून घेतो, म्हणून इथे पैसे भरून ऐकायला यायचं? खेळ सोडून देण्यापर्यंत गोष्ट आली होती. तेव्हा त्यांच्या शिक्षकांनी एक तोड काढली. महिनाभर कुणी काही बोलायचं नाही. यंत्र लावायचं, आणि त्यातला एकच आकडा बघायचा.

तो आकडा म्हणजे ‘स्मॅश फॅक्टर’. नाव भारी असलं तरी हिशेब चौथीतल्या भागाकाराचा आहे. चेंडूच्या वेगाला क्लबच्या वेगानं भागायचं, झालं. क्लब ताशी ६० मैलांनी फिरला आणि चेंडू ७२ मैलांनी सुटला, तर उत्तर १.२. क्लबच्या पात्याच्या मधोमध चेंडू लागला की हा आकडा वाढतो. कडेला लागला की घसरतो. म्हणजे आपण दिलेली ताकद चेंडूपर्यंत किती पोचली आणि किती वाया गेली, ते यातून कळतं. अमेरिकेच्या एलपीजीए स्पर्धांत खेळणाऱ्या व्यावसायिक स्त्रियांचा सेव्हन आयर्नचा, म्हणजे सात नंबरच्या क्लबचा, हा आकडा साधारण १.३७ असतो. ड्रायव्हरचा दीडच्या जवळ जातो. क्लब बदलला की आकडाही बदलतो, म्हणून एका क्लबची दुसऱ्याशी तुलना करायची नाही.

आमच्या या बाईंचा सेव्हन आयर्न सुरुवातीला ५८ मैलांनी फिरे आणि चेंडू सुटे ६४ मैलांनी. म्हणजे १.१. दोन महिन्यांनी क्लबचा वेग ५९, पण चेंडूचा ७५! आकडा १.२७. ताकद जवळजवळ तेवढीच, पण चेंडू पंधरा-वीस यार्ड पुढे पडू लागला. “जोर वाढव, जोर वाढव” हा जो धोशा त्यांच्यामागे लागला होता, त्याची गरजच नव्हती, हे त्यांच्या वहीतच लिहिलेलं होतं. मग शेरे आपोआप कमी झाले. वहीशी कोण वाद घालणार?

आता सरावाची पद्धत सांगते. आधी दहा मिनिटं हातपाय, कंबर, खांदे मोकळे करा. मग एकच क्लब घेऊन दहा चेंडू मारा. दहाही फटक्यांचे आकडे वहीत लिहा आणि सरासरी काढा. चांगले तेवढे लिहायचे आणि फसलेले गाळायचे, असं करू नका. मुलाच्या प्रगतिपुस्तकात आपण गणिताचे गुण लपवलेले चालवून घेतो का? एखादा सणसणीत फटका बसला की मन त्यालाच धरून बसतं, पण प्रगती सरासरीत दिसते.

आकडा का घसरला, हे मात्र यंत्र सांगत नाही. तापमापक ताप दाखवतं, पण तो कशानं आला ते डॉक्टर सांगतात, तसंच हे. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. शाळेत पांढऱ्या फळ्यावर लिहायचा मार्कर असतो ना, त्यानं चेंडूवर एक ठळक ठिपका काढा आणि ठिपक्याची बाजू पात्याकडे ठेवा. फटका मारल्यावर त्याची खूण पात्यावर उमटते आणि चेंडू टोकाला लागला की मुठीकडच्या बाजूला, ते डोळ्यांना दिसतं. फडक्यानं पुसलं की पाते स्वच्छ. पुढचा उपाय शिक्षकांना विचारावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आमटीत मीठ, चिंच, गूळ एकदम वाढवलं, तर चव कशानं बिघडली ते कळत नाही.

यंत्र नीट मांडणंही महत्त्वाचं. वजनकाटा उतारावर ठेवला तर खरं वजन कसं कळेल? रडारचं यंत्र आपल्या निशाणाच्या रेषेत सरळ ठेवलं नाही, तर दिशेचे आकडे चुकतात आणि बाई उगाच स्वतःला दोष देते. सरावाच्या मैदानावरचे चेंडू वापरून जुने झालेले असतात, पुष्कळदा कमी लांब जातात. म्हणून यार्ड कमी दिसले तर खट्टू होऊ नका. घराच्या गच्चीवर जाळी लावून सराव करणार असाल, तर मुलांना क्लबच्या टप्प्यात येऊ देऊ नका. हे सांगायलाच हवं.

विकत घ्यायची मात्र घाई नको. वस्तू स्वस्त नाही. आधी शिक्षकांकडे किंवा सिम्युलेटर असलेल्या ठिकाणी तासाच्या हिशेबानं पैसे देऊन चार-सहा वेळा वापरून पाहा. वहीत आकडे लिहायची सवय टिकली, तर पुढचा विचार करा.

आणखी एक. बंगळुरूची अदिती अशोक तुम्हाला आठवत असेल. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तेव्हा तिचं पदक अवघ्या एका फटक्यानं हुकलं आणि ती चौथी आली. लांब फटके ही काही तिची ओळख नव्हे. चेंडू हलकेच खळीत घालण्याच्या कौशल्यावर, म्हणजे पटिंगवर, ती जगातल्या बलाढ्य मुलींशी झुंजली. ही सामान्य यंत्रं त्या हळुवार फटक्याचं फारसं काही सांगत नाहीत. तेव्हा आठवड्यातला निम्मा सराव यंत्राशिवाय, हिरवळीवर खळीपाशी करा. आणि हो, टोकियोत अदितीची पिशवी वाहायला तिची आईच होती बरं का!

तर मैत्रिणींनो, एक क्लब, दहा चेंडू, एक आकडा आणि एक वही. एवढ्यावर दोन महिने काढा. नंतर कुणी “डोकं वर केलंस” म्हणालंच, तर वही पुढे करा.