रिपोर्ट नॉर्मल, दुखणे खरे

कंबर दुखू लागून वर्ष उलटलेल्या माणसाला आपल्याकडे दोनपैकी एक निदान हमखास मिळते. एमआरआयमध्ये काही दिसले तर ‘गादी सरकलीय’, ‘नस दबलीय’, ‘मणक्यात गॅप आहे’. काहीच दिसले नाही तर ‘तुम्ही फार विचार करता’. पहिल्या निदानानंतर कंबरेला पट्टा येतो, वाकणे बंद होते आणि पाण्याची बादली उचलायला घरातले धावतात. दुसऱ्यानंतर घरातले धावत नाहीत.

ही दोन्ही निदाने एकाच समजुतीच्या पोटची आहेत. शरीरात कुठे मोडतोड झाली की तिथून मेंदूकडे वर्दी जाते, ती वर्दी म्हणजे दुखणे. मोडतोड सापडली नाही तर वर्दी खोटी. सतराव्या शतकात देकार्तने मांडलेले हे चित्र १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मोडीत काढले. खालून येणारा संदेश मज्जारज्जूतच अडवला किंवा वाढवला जातो आणि त्यात मेंदूचाही हात असतो, ही त्यांची मांडणी. तिचे तपशील पुढे बदलले, पण गाभा टिकला. आपल्या ओपीडीत मात्र अजून देकार्तच बसलेला दिसतो.

फोटोवाल्यांचा पक्ष अगदीच निराधार नाही, हे आधी कबूल करू. हाड मोडले असेल, जंतुसंसर्ग किंवा कर्करोगाची शंका असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटला असेल, तर तपासणीला एक दिवसही उशीर करू नये. पण सगळ्याच जुन्या कंबरदुखीला हा न्याय लावणे चूक. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय त्यात तपासले होते. त्यांपैकी ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीला फुगवटा होता. सगळ्या चकत्या निर्दोष असलेले निघाले फक्त ३६ टक्के. २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. म्हणजे रिपोर्टमध्ये झीज दिसली एवढ्यावरून ‘गुन्हेगार सापडला’ असे म्हणता येत नाही. तरी ते म्हटले जाते, आणि रुग्ण त्या क्षणापासून स्वतःच्या पाठीला घाबरून जगू लागतो.

आता ‘मनाचे खेळ’वाले. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवून दिले की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच अधिक उत्तेजित होतात. मग साध्या स्पर्शालाही शरीर वेदनेसारखा प्रतिसाद देते. त्या उंदरांना ना गृहकर्जाचे हप्ते होते, ना सुनेचा जाच. १९७८ चा दातांच्या रुग्णांवरचा प्रयोग तर याहून बोलका. अक्कलदाढ काढल्यावर ज्यांना नुसत्या खोट्या औषधाने आराम पडला, त्यांना अफूजन्य द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन दिले, तेव्हा त्यांचे दुखणे वाढले. अपेक्षेने आलेल्या आरामामागेही शरीरातच तयार होणारी रसायने असावीत, असा त्याचा अर्थ. मन आणि शरीर यांच्यामध्ये भिंत घालून एका बाजूला ‘खरे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खोटे’ लिहिणाऱ्यांना हा प्रयोग पचत नाही.

‘म्हणजे दुखणे मेंदूत तयार होते, मग ते मानसिकच की!’ हा आक्षेप ठरलेला. त्याला १९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेली एक हकिगत पुरेशी आहे. २९ वर्षांच्या एका बांधकाम मजुराने १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर उडी मारली. खिळा बुटातून आरपार वर आला. जरा हलवला तरी तो कळवळायचा. शेवटी फेंटानिल देऊन खिळा काढावा लागला. बूट उतरवला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही. तो नाटक करत होता? नाही. डोळ्यांना दिसलेल्या धोक्यावरून त्याच्या मेंदूने दुखणे उभे केले आणि ते त्याने सोसले. जुन्या दुखण्यात हा धोक्याचा हिशेब महिनोन्‌महिने चुकत राहू शकतो.

हिशेब चुकला असेल तर तो दुरुस्तही होऊ शकेल, असे मानून आज काम चालले आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या चाचणीत जुन्या कंबरदुखीचे १५१ रुग्ण होते. त्यांतल्या ५० जणांना चार आठवडे, दुखणे म्हणजे इजा नव्हे, हे समजावत हालचालींची भीती घालवणारे उपचार दिले. अखेरीस ३३ जण वेदनामुक्त किंवा जवळपास तसे झाले. नेहमीचेच उपचार चालू ठेवलेल्या ५० पैकी फक्त ५. ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवरच्या चाचणीतही, फिजिओथेरपिस्टने विचार, भीती आणि हालचाल यांवर एकत्र काम केल्याचा फायदा वर्षभर टिकला.

एवढ्यावरून ‘मेंदू रीसेट करा, दुखणे विसरा’ अशी दुकाने मांडणाऱ्यांचीही खबर घ्यायला हवी. बोल्डरमधले रुग्ण बहुतांशी शिकलेले, हिंडते-फिरते होते. वर्तनोपचारांच्या ७५ चाचण्यांचा २०२० चा कॉक्रेन आढावा सांगतो की सरासरी फायदा होतो, पण थोडाच. मेंदूचे स्कॅन काढून कोणाचे दुखणे खरे ते ठरवू पाहणारेही जुन्याच फोटोवाल्यांचे नवे भाऊबंद. उद्या विमा कंपन्यांच्या हाती हे यंत्र गेले तर काय होईल, ते सांगायला नको.

तेव्हा डॉक्टरांना विनंती एवढीच: रिपोर्ट हातात देताना, या वयात काहीच न दुखणाऱ्या किती जणांच्या मणक्यात हेच दिसते, तेही सांगा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून माणसाला खोटे पाडू नका. तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने नीट उलगडत नसलेल्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्वतंत्र निदान म्हणून जागा आहे. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आहे. केसपेपरवर ते निदान लिहायला आता हरकत नसावी.