बाकावर बसलेला जोडीदार

एचआयव्हीवर औषधोपचार करणाऱ्या एआरटी केंद्रात पुस्तिका, तारीख, गोळ्या हे सगळं पॉझिटिव्ह व्यक्तीच्या नावावर असतं. निगेटिव्ह जोडीदाराची नोंद तेवढ्याच एका शब्दाची. तो बाहेर बाकावर पिशवी धरून बसतो. जिल्हा रुग्णालयात समुपदेशक म्हणून काम करताना मला हे रोज खटकतं. नवरा-बायकोला एकत्र बसवून बोलणं हा उपचाराचाच भाग धरायला हवा.

गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही, हे शेवटी घरात ठरतं. एक बाई डबी तांदळात लपवायची. घरी पाहुणे आले की त्या रात्रीची गोळी चुकायची. नवऱ्याला तिचा आजार माहीत होता, तरी तो ओसरीत झोपायला लागला होता. तिच्या संमतीनं त्याला आत बोलावलं, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, अहवाल समजावला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, आम्हाला मूल होऊ शकतं का?" होऊ शकतं. पण हे त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

एक पॉझिटिव्ह, एक निगेटिव्ह अशा १७६३ जोडप्यांचा एक मोठा अभ्यास नऊ देशांत झाला. पुण्याची 'नारी' ही एड्स संशोधन संस्थाही त्यात होती. लवकर औषध सुरू केल्यानं जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हे त्यातून २०११ साली समोर आलं. पुढे युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासात विषाणू औषधानं पूर्ण दबलेला असताना कंडोम न वापरणाऱ्या जोडप्यांतही जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही. एवढी मोठी गोष्ट बाकावरच्या माणसाला माहीत नसावी, याचं मला फार वाईट वाटतं.

जबरदस्ती मात्र नको. जिथे मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची रास्त भीती आहे, तिथे जोडीदाराला कळवू नये, असं २०१७ चा एचआयव्ही कायदाच सांगतो. अशा बाईशी आधी एकटीशीच बोलायचं.

रोजंदारीवरच्या माणसाला दोघांचा दिवस मोडणं परवडत नाही. म्हणून केंद्रांनी आठवड्यातून एक संध्याकाळ जोडप्यांसाठी राखून ठेवावी, ही माझी आरोग्य खात्याकडे मागणी आहे. आणि बाकावर बसणाऱ्या जोडीदारांनो, पुढच्या तारखेला दोघं मिळून आत या. मनात असेल ते विचारा. केंद्रात यायचा धीर होत नसेल, तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे.